भूपातला म

"बाई, माझी पोर रोज खालीच का बसती?"

खांद्यावर घोंगडी घेतलेली बानाबाई शाळेच्या अंगणात उभी होती. आवाज चढलेला. द्वारकाबाईंचा सुरांचा खेळ तिथंच थांबला.

पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेत निघालेली ही मराठी शाळा. गाण्याचा तास द्वारकाबाईंनी व्हरांड्याच्या पायऱ्यांवर आणला होता. मुलांच्या गळ्यात एकेका सुराची पाटी असे. बाई राग सांगत आणि त्यातल्या सुरांना हात धरून एकेका पायरीवर चढवत. रागात नसलेले सूर खाली बसत. सध्या भूप चालू होता, आणि भूपात म आणि नि नसतात. बानाबाईची आवडा रोज म.

"बाकीच्यांच्या लेकरांनी पायऱ्या चढायच्या अन् माझीनं बगत बसायचं! आमी मेंढरावाले म्हून व्हय? नगं तुमची शाळा. उद्यापासून मेंढरांमागं जाईल ती."

द्वारकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरं टकामका बघत होती. शेजारच्या वर्गाचे मास्तरही दारात येऊन उभे राहिले. जातपात न मानणारी बाई म्हणून त्यांचं किती नाव! आवडाला शाळेत घालायला त्या स्वतः पडेगावच्या माळावर गेल्या होत्या, तेही भर उन्हात.

"अहो, पाट्या मी वाटत नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "पोरंच हवी ती उचलतात. विचारा तिलाच."

बानाबाई पोरीकडं वळली. "खरं हाय का गं?"

"व्हय," आवडा म्हणाली. "म मीच घेते. दुसऱ्यानं घेतला तर बदलून मागते."

बानाबाईची मान खाली गेली. भरल्या अंगणात आपण एवढं बोलून बसलो, आता तोंड कुठं लपवावं असं तिला झालं.

"चुकलं बाई माझं. तोंडाला आलं ते बोलले. पोरगी येईल उद्या शाळंत."

ती पाया पडायला वाकली. "असू द्या, असू द्या," म्हणत बाई मागं सरकल्या. मास्तर आत गेले. बाईंच्या जिवात जीव आला. एवढी शोभा झाल्यावर पोरांसमोर थोडं कौतुक पदरात पाडून घ्यायला काय हरकत होती?

"आणि आवडा," त्यांनी लाडानं विचारलं, "‘म’च का गं घेतेस रोज? सांग तुझ्या आईला."

आवडानं आईकडं पाहिलं, मग बाईंकडं.

"म वर चढत नाय ना बाई. मंग तुमाला माजा हात धरावा लागत नाय, अन् मागून तुमचा हात पदराला पुसावा लागत नाय."