रबरी बूट
समुद्रात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या धुताना ती त्यांच्या बुडाला चढवलेले रबरी बूटही काढायची; आत खारं पाणी साचतं. “टाक्यांचेही लंगोट बदलतेस होय?” नवरा हसत शेजारच्या खोलीत टाकी भरायला गेला. आपल्या बाळाला टबात बसवून तिने एका टाकीचा चिवट बूट हिसकला. तांबडं पाणी ओघळलं. बुडाला गंजाचे खड्डे, नख रुतेल असे. या टाकीचीच जुळी टाकी आत भरली जात होती, बूट न काढताच. भरताना फुटली, तर माणूस उरत नाही. “अहो!” यंत्राच्या घरघरीत हाक विरली. तिने मेन स्विच पाडला. तणतणत आलेल्या नवऱ्याला खड्डे दाखवले. त्याचा चेहरा उतरला. “दाब सोडायला हवा. बाळाला लांब ने.” “तुम्ही नका जाऊ!” त्याने आत जाऊन दार लावलं. ती बाळाला उचलून अंगणात गेली. कितीतरी वेळाने आतून हवा फुसफुसली. आवाजाने कडेवरचं बाळ खुदकन हसलं. दाब सुटला होता; तिने बाळाला घट्ट कवटाळलं.