पायी जाऊ नका

जहाज सुवा बंदराच्या धक्क्याला लागताच वाटाडी विलिसी पर्यटकांना म्हणाली, “चला, शहर पायी बघू.” तेवढ्यात सहलीच्या बसवरचा कर्णा गरजला, “पायी जाऊ नका. इथली माणसं लुबाडतात.” पर्यटक बसमध्ये शिरले. बोलणारा बसचा गाइड, तिचा धाकटा भाऊ सेमी होता. विलिसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने आत घुसून माइक हिसकावला. “हा माझा सख्खा भाऊ. आमची आई समोरच्या बाजारात अळकुड्या विकते. रोज पायी येते, पायी जाते. सांग रे, कुणाला लुबाडलं तिने?” एक म्हातारी बाई उठली. “मला तुझ्या आईकडे ने,” म्हणाली. तिच्यामागून बस रिकामी झाली. “ताई,” सेमी पुटपुटला, “आईला सांगू नकोस.” “मी कशाला सांगू? कर्णा बाजारभर ऐकू जातो.” सेमीने खिडकीतून पाहिलं. अळकुड्यांवर गोणपाट टाकून आई बसच्या दिशेने रस्ता ओलांडत होती.