नवरदेवाची फर्माईश

वरात मंगल कार्यालयाच्या रस्त्याला लागली आणि गजेंद्रने दुपट्टा डोळ्यांखालपर्यंत ओढून घेतला. अकोल्याच्या उन्हात निम्मं शहर तोंड बांधूनच फिरतं. बँडच्या हातगाडीवर कॅसिओ वाजवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

अमरावतीत तो गजेंद्र सर होता. मुंबईच्या हॉटेलांत उमेदीची वर्षं जॅझ पियानो वाजवलेला, नाटकांना संगीत दिलेला. हॉटेलांतले पियानो गेले, तसा तो गावी परतला आणि क्लास काढला. क्लासवर घर चालेना. लग्नसराईत तो पुण्याला कार्यक्रम आहे असं सांगून निघायचा आणि अकोल्याच्या बसमध्ये बसायचा.

बँडमालक चंद्रभान भला माणूस. मागच्या उन्हाळ्यात गजेंद्र तापाने पडला, तेव्हाही चंद्रभानने वराती कशाबशा निभावल्या, पण त्याला काढलं नाही. त्या आजारपणात औषधपाण्याचं सगळं कुंदनने पाहिलं होतं. कुंदन म्हणजे क्लासमधला सगळ्यांत तयार हात.

आणि तोच कुंदन आज मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसला होता.

गजेंद्रला घाम फुटला. ताप उतरल्यावर एका पालकाने त्याला सांगितलं होतं, कुंदन अकोल्याला वरातीत वाजवताना दिसला. कोणाची वरात, कोणता बँड, त्याने काहीच विचारलं नाही. भर क्लासात पोराला उभं केलं आणि म्हणाला, "वरातीत वाजवणाऱ्याला माझ्या क्लासात जागा नाही." कुंदन मान खाली घालून निघून गेला. हे आपण कोणत्या तोंडाने बोललो, या विचाराने गजेंद्र पुढे कितीदा तरी मनातल्या मनात मेला. परवा कुंदनच्या लग्नाची पत्रिका आली, तीही लाजेने उघडली नव्हती.

नवरदेवाचे वडील उत्तमराव गाडीपाशी आले. अंजनगावचे फुलवाले, साधा माणूस.

"पोराची फर्माईश हाय," ते म्हणाले. "त्याच्या सरानं बसवलेली थे संथ चाल. वाजवता का?"

ती चाल क्लासच्या बाहेर कुणी ऐकलेली नव्हती. म्हणजे पोराने ओळखलं होतं. आता तो सगळा हिशेब चुकता करणार, आणि करावाच, असं गजेंद्रला वाटलं.

त्याने वाजवायला सुरुवात केली. दोन ठिकाणी सूर चुकले. वाकून वाजवताना दुपट्टा सुटून गळ्यात आला, आणि नेमका तेव्हाच कुंदन घोड्यावरून उतरून गर्दीतून वाट काढत गाडीकडे आला. गजेंद्रने डोळे मिटले.

कुंदनने दुपट्ट्याचं टोक उचललं, सरांच्या तोंडावरून घेऊन मागे नीट खोचलं आणि तो परत जाऊन घोड्यावर बसला.

वरात पुढे सरकली. चंद्रभान गाडीला हात लावून शेजारी चालत होता.

"मागल्या साली तुमी तापात होते, तवा तुमाले केलेला माहा फोन त्यानंच उचलला होता," तो म्हणाला. "तुमच्या बदली थोच येऊन वाजवत जाये. पैसे द्याले गेलो तं म्हने, पैसे नोको, फक्त सरची जागा कोनाले देऊ नोका."