दारातली दिवेवाली

"ड्रॅगन दिवसातून तीनदाच आग ओकतो," मागच्या खुर्चीतून मास्तर म्हणाले. "तुम्ही त्याला चौथ्यांदा ओकायला लावलंय."

संकलक बाईंनी माउसवरचा हात काढला आणि डोळे मिटून घेतले. सकाळपासूनचा हा सातवा नियम. आधी तलवारीच्या वजनावरून झालं, मग बुटक्याला अंधारात किती हात लांबचं दिसतं त्यावरून. डोक्याला नुसता ताप. दिग्दर्शक पुढच्या सिनेमाला लागून मोकळा झाला होता आणि हे लोढणं बाईंच्या गळ्यात पडलं होतं.

मास्तर म्हणजे ज्यांनी मूळ खेळ बनवला ते. टेबलाभोवती पाच-सहा जणांनी बसायचं, एकाने गोष्ट सांगत न्यायची, बाकीच्यांनी एकेक पात्र व्हायचं. दार उघडलं की नाही, वार बसला की नाही, ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. गोष्ट सांगणारा तो मास्तर, म्हणून यांनाही सगळे मास्तरच म्हणत. आता त्या खेळाचा मोठा थोरला सिनेमा झाला होता, आणि खेळाचे नियम मोडायचे नाहीत असं या गृहस्थांनी करारातच लिहून घेतलं होतं. त्यामुळे ते रोज डबा घेऊन यायचे आणि बाईंच्या मागे ठाण मांडून बसायचे.

पण खरा वैताग होता तो दिवेवालीचा. सिनेमात पाच साथीदार. चौघे लढतात, धडपडतात, एकमेकांची टर उडवतात. पाचवी हातात दिवा घेऊन दारात उभी. गुहेच्या तोंडाशी उभी, राजवाड्याच्या दाराशी उभी, तुरुंगाबाहेरही उभीच. तिला ना एक वाक्य, ना एक ठोसा. वर प्रत्येक वेळी आत जाताना चौघांनी मागे वळून तिच्याकडे बघायचं. सगळं मिळून नऊ मिनिटं. निर्मात्याचा सकाळीच फोन आला होता: सिनेमा बरोब्बर नऊ मिनिटं लांबलाय, गुरुवारपर्यंत आटपा, आणि ती दिवेवाली आधी काढा.

बाईंनी ते मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणाले, ती निघणार नाही. का नाही, तर म्हणे नियम एक्केचाळीस.

बाईंचा पारा चढला. "मास्तर, नियम घाला चुलीत. ही बया अख्ख्या सिनेमात काही म्हणजे काही करत नाही. लोक विचारतील, ही इथे कशाला तडमडली आहे?"

मास्तरांनी शांतपणे पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि वाचून दाखवलं. खेळाडू डाव सोडून उठून गेला, तर त्याच्या पात्राला मारू नये. हातात दिवा देऊन दारात उभं करावं. खेळाडू परत आला की पात्र आत घ्यावं.

कोण उठून गेलं होतं, असं बाईंनी विचारलं आणि जीभ चावली. आता तास तरी गेलाच.

तास नाही लागला. मास्तरांची मुलगी उठून गेली होती, अठरा वर्षांपूर्वी, एका रविवारी. फासा टाकायची पाळी तिची होती. तिने टाकलेला फासा घरंगळून टेबलाखाली गेला. ती वाकली आणि ओरडली, वीस पडले, सगळ्यात मोठं दान. मास्तर म्हणाले, खाली पडलेला फासा धरत नाहीत, परत टाक. ती म्हणाली, बाबा, एकदा तरी माझं धरा. मास्तरांनी नाही धरलं. मग लहानपणापासूनचं सगळं निघालं, फासा बाजूलाच राहिला. तिने बॅग भरली आणि गेली. नंबरही बदलला. तेव्हापासून दर रविवारी चौघे खेळतात आणि पाचवी दारात उभी असते. तलवारीचं वजन सांगावं तसं मास्तरांनी हे सांगितलं.

बाईंना भयंकर राग आला. एवढ्याशा फाशापायी पोटची पोर घालवली या माणसाने. "अहो, पण निदान वाकून बघायचं तरी किती पडले ते."

"टेबलाखाली बघायचं नसतं," मास्तर म्हणाले.

धन्य आहे, असं पुटपुटत बाई पडद्याकडे वळल्या. चिडूनच त्यांनी ड्रॅगनची चौथी आग कापली, मग पुलावरची अर्धी मारामारी, मग राजाचं भाषण. नऊ मिनिटं भरली. दिवेवाली जिथल्या तिथे राहिली. इतकंच नाही, ट्रेलरच्या शेवटीही त्यांनी तिला उभं केलं. चार सेकंद, दार आणि दिवा. निर्माता फोनवर कडाडला. करारात आहे, एवढं बोलून बाईंनी फोन ठेवला.

ट्रेलर शुक्रवारी आला. सोमवारी मास्तर डब्याचं झाकण उघडता उघडता पुलाच्या रुंदीबद्दल काहीतरी सांगत होते. टेबलावरचा फोन वाजला. खालच्या स्वागतकक्षातली मुलगी वैतागली होती. कोणी बाई आहेत, चौथ्यांदा फोन करतायत, नाव सांगत नाहीत. एकच विचारतायत, आणि मला काही त्याचा अर्थ लागत नाहीये.

बाईंनी प्रश्न ऐकून घेतला. जोडून दे म्हणाल्या. मग रिसीव्हरवर हात ठेवून त्यांनी तो जसाच्या तसा मास्तरांना सांगितला: टेबलाखाली पडलेला फासा आता तरी धरतात का?

आता या माणसाने नियम सांगितला तर याच डब्यासकट याला बाहेर काढायचं, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं.

मास्तर उठले. झाकण हातातच होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला.

"धरतात," ते म्हणाले. "वीसच होते, बाळा. तू बॅग भरत होतीस, तेव्हा मी वाकून बघितलं होतं."