डाव्या पेटीतली करकर

"डाव्या पेटीचो सांधो ढिलो झालो हा," बाबल मेस्त्री मॅनेजरच्या कानात कुजबुजले. पस्तीस लाखांच्या नव्या स्पीकरांच्या लाकडी पेट्या सावंतवाडीत त्यांनीच घडवल्या होत्या. आता मुंबईच्या प्रदर्शनात तबल्याच्या प्रत्येक थापेला डावीकडून बारीक करकर येत होती.

समोर बसलेले जाणकार मात्र डोळे मिटून डोलत होते. "काय ऊब आहे! लाकूड बोलतंय," एक समीक्षक म्हणाला.

मेस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चहाच्या सुट्टीत त्यांनी पेटी उघडली, पाचर ठोकली आणि सांधा घट्ट केला. करकर थांबली.

पुढच्या फेरीत समीक्षकाने डोळे उघडले. "छे, जीवच गेला आवाजातला!" खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या.

मॅनेजर धावत आला. "मेस्त्री, पाचर काढा! आणि पुढच्या वीस जोड्या अश्शाच ढिल्या हव्यात."

मेस्त्रींनी मान खाली घालून पाचर काढली. करकर परतली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. समीक्षकाने त्यांचे हात हातात घेतले. "ही कारागिरी कुणाकडून शिकलात?"

मेस्त्रींना वडिलांचं नाव घेववेना.