लाइनमनची कवळी

लाइनमन खुर्चीत टेकला आणि कोटाची बटणंही न काढता म्हणाला, "दुसरा गोल कुणाचा?"

तोंडात एकही दात नव्हता, त्यामुळे अर्धं वाक्य वाऱ्यावरच गेलं. समोर कवळी बसवायला उभ्या असलेल्या तिला मात्र पुरतं कळलं. डबीतून नवी कवळी काढता काढता ती म्हणाली, "लिहिलाय नऊ नंबरच्या नावावर. पण आहे डाव्या बॅकचा."

"तो कसा?"

"तो आत धावला. बॉल मिळणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. पण त्यांचा विंगर त्याच्या मागे गेला आणि ती सगळी बाजू मोकळी पडली."

"विंगर गेला, बरोबर. पण त्याच्या आधी कोण हललं?"

हे तिनं पाहिलंच नव्हतं.

लाइनमननं ट्रेमधले कापसाचे बोळे उचलले आणि मांडीवरच्या रुमालावर मांडले. चार मागे, एक पुढे. पुढचा बोळा त्यानं बोटानं जरासा डावीकडे सरकवला. "हा, आपला मधला. पास सुटायच्या आधी दोन पावलं हलला. मॅच तिथेच जिंकलो."

ती वाकून बघत राहिली. तिला इतकं बरं वाटलं, की हातातली कवळी वरची की खालची, हेच क्षणभर आठवेना.

या देशात येऊन तिला अकरा महिने झाले होते. नवरा भला माणूस. "गोल झाला की हाक मार" म्हणून भांडी घासायला जायचा. शेजारच्या टेबलावर काम करणारी पोरगी दर शुक्रवारी क्लबचा शर्ट घालून यायची. हिनं एकदा हौसेनं विषय काढला, तर म्हणाली, रंग आवडतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलात मोठ्या पडद्यावर मॅच लागे. तिथे लोक ओरडत, एकमेकांच्या गळ्यात पडत, पण बघत कुणीच नसे. आणि ज्याच्याशेजारी सतरंजीवर बसून ती बघायला शिकली, तो दादा आता फोनवर म्हणे, "मॅच? अगं, बाळ झोपू देईल तेव्हा ना. तू जेवलीस का? थंडी किती आहे?" फोन ठेवला की अख्खी मॅच तिच्या पोटात तशीच राही.

चार आठवड्यांपूर्वी लाइनमन पहिलं माप द्यायला आला होता. तोंडात लगदा भरला की माणसं घाबरतात, म्हणून ती काहीबाही बोलत राहते. त्या दिवशी आदल्या दिवसाच्या मॅचबद्दल बोलली. गोल ऑफसाइड होता, म्हणाली. त्यानं हात वर केला. तिला वाटलं, उलटी होतेय. लगदा निघाल्यावर त्याचा पहिला शब्द होता, "नव्हता." मग तोंड पुसून म्हणाला, "बावीस वर्षं फुटबॉलचा लाइनमन होतो मी, कडेला झेंडा घेऊन. लाइनमनला बॉल बघत बसून चालत नाही. बाकी सगळं बघायचं."

"आता कुणाबरोबर बघता?"

"दोघं होते. एक गेला. दुसरा आहे, पण मी कोण ते त्याला कळत नाही."

त्यानंतर मेणावर चाव्याचं माप घेतलं, मग मेणाचे दात लावून पाहिले. दर सोमवारी तो दहा मिनिटं आधी येऊन बसे, आणि ती आधीच्या माणसाला पाच मिनिटं लवकर सोडे.

आज शेवटचं काम होतं. तिनं कवळी बसवली, मध्ये निळा कागद धरला. "चावा. आता डावीकडे. पुन्हा." दोन ठिकाणी निळा ठिपका उमटला, तिथे घासलं. परत बसवली.

"टोचतंय कुठे?"

त्यानं जीभ फिरवून पाहिली. "नाही."

"नीट बघा. मागे, दाढेपाशी?"

"कुठेच नाही. छान बसलीय."

'छान' अगदी स्वच्छ उमटलं. नऊ वर्षांच्या कामात हेच ऐकायला ती धडपडत आली होती. आज त्यानं थोडी कुरकुर केली असती तर बरं झालं असतं.

मग तिनं सगळं सांगितलं. आधी मऊ खायचं, दोन्ही बाजूंनी सारखं चावायचं, झोपताना पाण्यात ठेवायची. एरवी दोन मिनिटांत उरकणारी गोष्ट तिनं बरीच लांबवली. त्यानंही ती लांबू दिली. पाण्याबद्दल तर दोनदा विचारलं.

शेवटी तो उठला. कोट अंगावरच होता, तरी उगाच बटणं चाचपत राहिला. "रविवारी अवघड आहे," तो म्हणाला. "त्या मधल्याला बाहेर बसवतील."

"मग सगळा खेळ उजवीकडून न्यावा लागेल."

"नेतील?"

"नाही नेणार. कोच हट्टी आहे."

"हट्टी आहे," लाइनमन म्हणाला, आणि दारापर्यंत गेला. दाराची मूठ धरून तसाच उभा राहिला.

"जेवताना टोचली तर?"

"तर लगेच यायचं."

"आणि नाही टोचली तर?"

ती पुसलेला ट्रे पुन्हा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तर सोमवारी या. साडेतीनला."

दार लागल्याचा आवाज आला नाही, म्हणून तिनं पाहिलं. लाइनमन हसत होता, नव्या दातांनी, पहिल्यांदाच. दाराच्या काचेतून त्याच्या तोंडावर लख्ख उजेड पडला होता, आणि त्या उजेडात तिला दिसलं, की वरचा डावा सुळा केसभर लांब राहिलाय. दोन मिनिटांचं काम होतं. कानस हाताशीच होती.

तिनं ती सोमवारपर्यंत खणात ठेवून दिली.