खिडकीखालचं इंजिन

धारवाल्याने सायकल स्टँडवर चढवली, पेडलवर पाय ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बायको उभी होती. तिने मान हलवली. म्हणजे ठमी पाळण्यात भिंतीकडे तोंड करून झोपली होती. आता इंजिन सुरू करायचं. त्या आवाजाने ती उठली, तर सायकल आजच्या आज विकायची. तसं कालच ठरलं होतं.

विकायची म्हणणं सोपं आहे हो! ही सायकल म्हणजे त्याचा उजवा हात. खरं तर डावा पाय. डावा गुडघा कामातून गेल्यापासून धार लावायच्या दगडी चाकासकट चढावर सायकल रेटणं त्याला जमत नव्हतं. म्हणून त्याने तिला छोटंसं पेट्रोलचं इंजिन बसवून घेतलं. धंदा रुळावर आला. पण इंजिन असं काही बोंबलायचं की सात महिन्यांची ठमी रोज सकाळी दचकून उठायची आणि निळी पडेस्तोवर रडायची. वरच्या मजल्यावरचे मास्तर म्हणायचे, "वाजला भोंगा!" इंजिनाला म्हणायचे की ठमीला, ते त्यांनाच ठाऊक.

तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग ठमीला ताप आला. साधासुधा नाही, मेंदूपर्यंत गेला. नऊ दिवस इस्पितळात काढले. "धोका टळलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता झोप हेच औषध. काही तपासण्या राहिल्यात, त्या पंधरा दिवसांनी करू."

परवा ठमी घरी आली आणि घराचा नूरच पालटला. भांड्यांखाली फडकी, दाराच्या कडीला चिंधी, बोलणं म्हणजे नुसती कुजबुज. शिंक आली तरी माणसाने बोळात जाऊन शिंकायचं. सायकलला तर हातच लावायचा नाही. "तुमची ती धडधड माझ्या पोरीचा जीव घेईल," बायको दात-ओठ खात कुजबुजली होती. "एक तर त्या सायकलचं तोंड बंद करा, नाही तर तिला घरातून काढा." तिचं काही चुकत होतं असंही नाही. त्याने पाना-पक्कड काढली.

काल दिवसभर तो सायकलशी झटत होता. इंजिनाखाली जुन्या टायरच्या पट्ट्या घातल्या. सायलेन्सर खोलला, आतली भोकाभोकांची नळी काढून काजळी खरवडली आणि तिच्याभोवती तारेची घासणी उलगडून गुंडाळली. फार ठासली तर इंजिनाचा दम कोंडतो, सैल सोडली तर गोंगाट जसाच्या तसा. पण सुरीची धार कानाने ओळखणारा माणूस तो; इंजिन सुरू न करता, नळीत नुसतं फुंकून त्याने अंदाज घेतला. मध्येच एकदा पाना हातातून सुटून पत्र्याच्या डब्यावर आदळला. त्याने जीभ चावली, श्वास रोखला. आतून हूं नाही की चूं नाही. देव पावला म्हणत त्याने पुन्हा कामाला हात घातला.

आता त्याने दोन-चार पेडल मारली आणि क्लच सोडला. इंजिन सुरू झालं. आणि काय सांगावं! मांजर गुरगुरावं तेवढाच आवाज. त्याच्या पाठीवरून घामाची धार गेली. दहा सेकंद झाले, वीस झाले. बायकोने वळून पाळण्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसली. त्याने हँडलची मूठ हळूच पिळली. अगदी हळूच.

खण्णकन सायलेन्सर फरशीवर पडला.

उघडं पडलेलं इंजिन असं गरजलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. अरुंद बोळात आवाज या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळू लागला. त्याने झडप घालून इंजिन बंद केलं आणि शर्टाचा खिसा चाचपला. सायलेन्सरच्या दोन नटांपैकी एक खिशातच होता. लावायचाच राहिला होता. गाढवा! त्याने डोळे घट्ट मिटले आणि रडणं सुरू व्हायची वाट पाहू लागला.

रडणं आलं नाही.

"काय चाललंय काय सकाळी सकाळी?" वरून मास्तर कडाडले. "मेलेला माणूस उठून बसला असता!"

पण ठमी उठली नव्हती! त्याला एकदम हसू फुटलं. एवढ्या दणक्याला उठली नाही, म्हणजे पोरगी आता कशालाच दाद देणार नाही. सायकल वाचली. पोटापाण्याची चिंता मिटली. त्याने मास्तरांना खालूनच हात जोडले आणि नट लावायला खाली बसला. बायको पांघरूण सारखं करायला पाळण्याकडे गेली. परत खिडकीशी आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो," ती म्हणाली. या खेपेला ती कुजबुजली नाही. "ती जागी आहे."

"जागी? मग रडली कशी नाही?"

"पायाचा अंगठा चोखत पडलीय. मी हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या. बघतच नाही हो!"

त्याला पत्र्याच्या डब्यावर आदळलेला पाना आठवला. देव पावला म्हणालो होतो आपण. नट तसाच टाकून तो उठला आणि दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता पेडल मारू लागला. इंजिन पेटलं. त्याने मूठ होती तेवढी पिळली. बोळातल्या खिडक्या धडाधड उघडल्या, मास्तर तर शिव्यांवर आले. बायकोने ठमीला उचलून खिडकीत धरलं. ठमीची पाठ त्याच्याकडे होती. तिने मान वळवली नाही. ती आईचं नाक पकडून हसत होती.

सायकल गेली चुलीत, धंदा गेला चुलीत.

"रड गं ठमे!" इंजिनाच्या वर आवाज काढून तो ओरडत होता. "एकदा तरी रड!"